मामीचा माळ आणि एक गोल

आमच्या मैदानाला उतार आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मैदान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे टीव्हीवरची हिरवीगार सतरंजी येते. आमचं मैदान म्हणजे मोखाड्याकडच्या पोशेऱ्याच्या बाजूला डोंगराच्या अंगावर पसरलेला वरकस, म्हणजे हलक्या उताराच्या जमिनीचा एक माळ. वरच्या गोलात उभं राहिलं की खालच्या गोलकीपरचं टक्कल दिसतं. खालच्या गोलात उभं राहिलं तर वरच्या गोलकीपरची फक्त छाती दिसते आणि तिच्यामागे आभाळ. चेंडू सुटला तर थेट ओहोळात. नाणेफेक जिंकलेला कप्तान आधी उताराने खेळायचं की चढाने, याचा असा काही विचार करतो की जणू लेकीसाठी स्थळ पाहतोय.

हा माळ माझ्या मामीचा. मी मामाची मुलगी केली, त्यामुळे मामीच सासू झाली. म्हणजे तिला माझ्यावर दोन बाजूंनी ओरडता येतं, आणि ती एकही बाजू वाया जाऊ देत नाही.

वरकस जमिनीचा आमच्याकडे एक रिवाज आहे. पहिल्या वर्षी तिच्यात नाचणी घ्यायची, जिला आम्ही नागली म्हणतो. दुसऱ्या वर्षी वरई, मग तेलाची खुरासणी. एवढं झालं की जमीन दमते. मग तिला काही वर्षं तशीच पडू द्यायची. तिचा विसावा चालू असतो तेव्हा तिच्यावर गुरं चरतात, पोरं पतंग उडवतात, आणि मामीच्या माळावर आम्ही फुटबॉल खेळतो. आम्ही म्हणजे एक गवंडी, एक गिरणीवाला, एक जीपवाला, दोन सख्खे भाऊ जे एकमेकांशी बोलत नाहीत पण पास देतात, आणि असेच बाकीचे. सगळे बायकामुलांचे धनी. मी त्यांचा कोच. मला कोच कोणी केलं नाही. माझा धंदा मंडप आणि लाऊडस्पीकरचा आहे. मोखाड्यापासून जव्हारपर्यंत लग्न असो, बारसं असो की निवडणुकीची सभा, खांब माझे आणि भोंगेही माझे. ज्याच्या हातात माइक तो कोच, एवढं साधं गणित.

आता आमच्या संघाची ख्याती सांगतो. जमिनीच्या त्या सगळ्या विसाव्यात आम्ही एकही गोल केला नव्हता. हरलो पुष्कळ. काही सामने शून्य-शून्य सुटले, ते आम्ही जिंकल्यासारखे साजरे केले. पण समोरच्याच्या गोलात आमच्या कोणाच्या पायाने चेंडू गेला, असं कधी घडलंच नाही. आणि हे सगळं मामी माळाच्या कडेच्या मोहाच्या झाडाखाली बसून, सुपात काही ना काही निवडत, बघत आलेली.

गेल्या वर्षी कापणी-झोडणी उरकली आणि एका दुपारी ती माळावर आली. काठी रोवली आणि म्हणाली, "जमिनीचा विसावा झाला. या वरसाला इथं नागली."

मी म्हणालो, "मामी, मग पोरं खेळतील कुठं?"

"पोरं? त्या गिरणीवाल्याला नातू झाला."

"मैदान नसलं तर संघ मोडेल."

"संघ हाये कुठं? एवढ्या वरसात एक गोल नाय. माझी जमीन विसावली, तिच्यासंगं तुम्हीपण विसावलात."

"गोल होईल."

"कवा?"

मी नाटकी माणूस. समोर प्रेक्षक दिसले की तोंडून भलतंच निघतं. त्या वेळी माझ्यामागे अख्खा संघ उभा होता. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "या स्पर्धेत."

दर वर्षी थंडी सरता सरता आजूबाजूच्या पाड्यांची एक छोटी स्पर्धा आम्ही याच माळावर भरवतो. मामीने थोडा विचार केला. "बरं. एक गोल. ह्याच माळावर, माझ्या डोळ्यांपुढं. केलात तं माळ तुमचा, मी पलीकडच्या टेकाडावर नागली लावीन. नाय केलात तं पालापाचोळा जाळून नागलीचा राब इथंच भाजायचा." आणि दोन पावलं जाऊन मागे वळली. "तुमच्या माणसानं केला पायजे. त्यांच्याच माणसानं चुकून त्यांच्यात घातला, तो मी धरणार नाय."

म्हणजे तिने तीही वाट बुजवली, जिच्यावर माझी खरी भिस्त होती.

एवढ्या पायपिटीतून एक गोल का होत नाही, याचा शोध मी जव्हारला लावला. तिथे एका लग्नाचं काम होतं आणि रेंज चांगली असते. टेम्पोत बसून मी मोबाइलवर फुटबॉलचे व्हिडिओ बघत राहिलो. हिंदी बोलणारा कोणी मास्तर पडद्यावर बाण काढून समजावत होता. मंडपाचं काम मी ठाण्यात शिकलो, तिथे हिंदी आपोआप अंगाला लागते. पण मला मास्तरपेक्षा त्याचे बाण आधी कळले, कारण ते हुबेहूब माझ्या मंडपासारखे होते.

मंडप कशाने उभा राहतो? अडाणी माणूस सांगेल, मधल्या खांबाने. चूक. मंडप उभा राहतो कोपऱ्याच्या खांबांनी. ते बिचारे दूर एकटे उभे असतात, त्यांच्याखाली ना नवरा बसतो ना भटजी. पण ते कापड ताणून धरतात. ते खांब मध्ये आणून ठेवा, कापड वऱ्हाड्यांच्या डोक्यावर आलंच म्हणून समजा. आमचा संघ म्हणजे असा मंडप होता की ज्याचे सगळे खांब नवरीभोवती गोळा झाले होते. चेंडू जिथे, तिथे आमचे दहाही. साहजिकच समोरचेही दहा तिथेच. त्या गर्दीतून चेंडू काय, मुंगीसुद्धा बाहेर पडली नसती.

परत आल्यावर मी माळावर खरेखुरे खांब रोवले आणि प्रत्येकाला आपापल्या खांबाजवळ उभं केलं. मागे चार, मध्ये तीन, पुढे तीन. पुढच्या तिघांतले दोघे अगदी कडेच्या रेघेला. ते रेघेवर उभे राहिले की समोरच्या बचावाला पसरावंच लागतं. कापड ताणलं की कुठेतरी वीण सैल होते, त्या सैल जागेतून आपण घुसायचं. सांगायला सोपं. पण कडेला उभा राहिलेला जीपवाला काही केल्या थांबेना. दर थोड्या वेळाने मध्ये यायचा.

"अरे, तू कोपऱ्याचा खांब."

"माझ्याकडं चेंडूच येत नाय."

"तू तिथं उभा आहेस म्हणून दुसरीकडं वाट होते. तुझं काम उभं राहणं."

"जीपमधी पण तेच करतो. शिटा भरेस्तवर उभा. इथं पण तेच काय?"

पण सीट भरायची वाट बघण्याची सवय कामाला आली, आणि हळूहळू तो रेघेला रुजला.

मधला पुढचा खेळाडू होता आमचा गवंडी. त्याच्याबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. आमच्याकडे उन्हाळ्यात बोहाडा होतो. देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून सोंगं येतात, संबळ आणि पिपाणीच्या तालावर नाचतात. कुठलं सोंग कोणत्या घराने घ्यायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. गवंड्याच्या घराकडे देवीचं सोंग. त्यामुळे पहिली गोष्ट ही की तो चेंडूला डोकं लावत नाही. सेंटर फॉरवर्ड आणि हेडिंग नाही. का, तर ज्या डोक्यावर देवी बसते त्यावर चामड्याचा गोळा आपटायचा नाही. यावर मी कधी वाद घातला नाही. दुसरी गोष्ट, मुखवट्याची भोकं एवढीशी असतात की आतून जवळजवळ काही दिसत नाही. तो पाऊल टाकतो ते ऐकून. संबळ सांगेल तसं पुढे, संबळ सांगेल तसं मागे. त्यामुळे खेळतानाही तो पुढे झेपावायचा आणि पुन्हा मागे सरायचा. व्हिडिओतला मास्तर म्हणत होता की मधल्या फॉरवर्डने असं मागे यावं, म्हणजे त्याला धरून ठेवणारा बचावाचा माणूसही त्याच्यामागे ओढला जातो आणि पाठीमागे भोक पडतं. मोठमोठे खेळाडू हे कष्टाने शिकतात. आमच्या गवंड्याच्या ते रक्तातच होतं, त्याला फक्त ते माहीत नव्हतं.

हे झालं चेंडू आपल्याकडे असतानाचं. पण मुळात चेंडू आपल्याकडे असायचाच कुठे? तो हिसकावून घ्यायची विद्या वेगळी. तिला मास्तर प्रेसिंग म्हणत होता. ती शिकवायला मी मामीची कोंबडी आणली.

चेष्टा नाही. पाहुणा आला आणि भर दुपारी मोकळी कोंबडी पकडायची झाली, तर काय करता? एकटा मागे धावला तर ती तुम्हाला सगळा पाडा दाखवून आणते. जाणती माणसं धावत नाहीत. एकजण तिच्याकडे चालून जातो, दुसरा तिची घराकडची वाट अडवतो, तिसरा कुंपणाकडची, आणि सगळे मिळून तिला कुडाच्या कोपऱ्याकडे लोटत नेतात. ती चोच खाली घालते किंवा पाठ फिरवते, त्या क्षणी झडप. प्रेसिंग म्हणजे एवढंच. समोरच्याकडे चेंडू आहे, तर एकाने त्याच्या अंगावर जायचं, पण सरळ नाही. असं वळसा घेऊन जायचं की मधली वाट आपोआप झाकली जाईल. बाकीच्यांनी जवळचे पास बंद करायचे. त्याला कडेच्या रेघेकडे लोटायचं, कारण रेघ म्हणजे कूड, ती कधी दमत नाही आणि चुकतही नाही. आणि झडप केव्हा घालायची? त्याची पाठ आपल्याकडे झाली की, त्याला चेंडू नीट आवरता आला नाही की, किंवा कोणी त्याला रेघेजवळ आळशी पास दिला की.

मी कोंबडी माळावर सोडली. सगळे पन्नास दिशांना पळाले. कोंबडी खालच्या गोलात शिरली, त्यामुळे आमच्या संघाचा पहिला गोल कोंबडीने केला, असं गिरणीवाला अजून सांगतो. पण पुन्हा सोडली, पुन्हा सोडली, आणि संध्याकाळपर्यंत ती विद्या त्यांना कळायला लागली. मी भोंग्यावर ओरडत होतो, "जवळ या. मैदान लहान करा. मैदान लहान करा." कारण मास्तरने बजावलं होतं की पुढचे तीन धावून गेले आणि मागचे चार घरी बसल्यासारखे लांब राहिले, तर मध्ये एवढी मोकळी जागा पडते की तिथून वरात जाईल. पुढचे सरकले की मधल्यांनी सरकायचं, मधले सरकले की मागच्यांनी. समोरच्याला वाटलं पाहिजे की मैदान आक्रसलंय.

मामी मोहाखालून हे सगळं ऐकत होती. तिच्या कोंबडीने पुढे बरेच दिवस अंडं दिलं नाही, ते मात्र तिने मला अनेकदा ऐकवलं.

एक अडचण उरली. सगळ्यांनी एकाच क्षणी झडप घालायची असते. एक गेला आणि बाकीचे त्याची मजा बघत उभे राहिले, तर तो फक्त घामाघूम होतो. तो क्षण मी भोंग्यावरून सांगायचो, पण एका सरावाच्या सामन्यात माझ्या लक्षात आलं की भोंगा समोरच्यांनाही ऐकू जातो. मी म्हणायचो "डावीकडं दाबा", ते निवांत उजवीकडे पास द्यायचे. वर स्पर्धेचे रेफ्री आले आणि म्हणाले, माइकवरून सूचना चालणार नाहीत. रेफ्री म्हणजे आमच्याकडे नवीनच बदलून आलेले क्रीडाशिक्षक, घाटावरचे, शिस्तीचे.

मी विचारलं, "सर, वाजंत्री चालेल?"

"वाजंत्रीला कोण नाही म्हणतंय," भला माणूस म्हणाला.

मी तडक संबळवाल्याकडे गेलो. तो माझा लहानपणापासूनचा दोस्त, बोहाड्यात त्याच्याशिवाय एकही सोंग हलत नाही. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी, आणि ती आमच्याकडे लेकरांच्यासुद्धा पायांना ठाऊक असते. मी बेत सांगितला. गणपतीची चाल वाजली की सगळ्यांनी आपापल्या खांबाला परत यायचं, डुलत, शांत. रावणाची चाल वाजली की झडप. समोरच्यांना वाटणार, गावची हौस.

बेत फक्कड होता. सरावात समोरच्याने रेघेजवळ चेंडू घेतला, पाठ फिरवली, मी संबळवाल्याला खूण केली. तो वाजवायला लागला, पण भलतंच.

"अरे, रावण. रावण."

"येतोय. आधी सरस्वती जाऊ दे."

"सरस्वती कशाला?"

"मधलंच सोंग कसं काढू? ज्याची त्याची पाळी असते."

त्याचे हात क्रमाने शिकलेले. गणपतीपासून रावणापर्यंत मध्ये जेवढी सोंगं येतात, तेवढी सगळी तो मान देऊन पोचवणार आणि मगच रावण. तोवर चेंडू आमच्या गोलात. पुष्कळ मिनतवाऱ्या केल्या, चहा पाजला, भजी चारली. शेवटी तो तयार झाला, पण कुरकुरत. "गणपतीवरनं एकदम रावण, ठीक. पण रावण झाला की देवी येते. ती मी कशी थांबवू?"

"संबळाच्या काड्या काखेत धर. रावण झाला की काड्या काखेत."

"बघतो," तो म्हणाला.

आमचा सामना पडला जामसरकडच्या संघाशी. त्यांच्या अंगावर नंबर छापलेले बनियन, पायात एकसारखे बूट. मामी नेहमीच्या जागी. मी तिच्याकडे बघून नमस्कार केला, तिने सूप झटकलं.

पहिल्या हाफला आम्ही उताराने खेळलो आणि आमचे सगळे फटके गोलावरून ओहोळात गेले. जामसरने चढावर दोन गोल केले. आम्हाला त्याचं काही नव्हतं. आम्ही हरायला तयार होतो. आम्हाला एक पाहिजे होता.

दुसऱ्या हाफला आम्ही चढाकडे तोंड केलं, आणि तेव्हा कुठे आमची सोंगं रंगात आली. गणपती वाजायचा, सगळे खांबाला. त्यांचा गोलकीपर चेंडू कडेच्या बचावाला द्यायचा, तो आवरायला जरा चुकायचा, की संबळ रावणावर. मग जीपवाला रेघेकडून वळसा घेऊन निघायचा, मधली वाट त्याच्या सावलीत. गवंडी त्यांच्या मधल्या माणसाला चिकटायचा. दोघे भाऊ न बोलता उरलेले दोन पास बंद करायचे. मागचे चार धापा टाकत वर सरकायचे. त्या बचावाच्या माणसाला चहूबाजूंनी माणसंच माणसं दिसायची, आणि तो घाबरून चेंडू रेघेबाहेर भिरकावायचा. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. त्यांचा कप्तान ओरडला, "हे काय चाललंय तरी काय?" मी भोंग्याशिवाय नुसता उभा होतो आणि माझ्या अंगात मावत नव्हतो.

पण गोल होईना. एक फटका मोहाच्या फांदीत अडकला. एक सरळ गोलकीपरच्या पोटात. रेफ्री घड्याळाकडे बघायला लागले. मामीने सूप बाजूला ठेवलं होतं आणि काठी हातात घेतली होती, म्हणजे ती घरी निघण्याच्या बेतात. राब कुठल्या कोपऱ्यात भाजायचा, हेही तिने ठरवलं असणार.

तेवढ्यात त्यांच्या गोलकीपरने शेवटचा एक पास दिला. घेणाऱ्याची पाठ आमच्याकडे. मी खूण करायच्या आधीच संबळ रावणावर गेला. सगळे तुटून पडले. चेंडू त्याच्या पायातून सुटला आणि गवंड्याच्या पायापुढे येऊन थांबला. समोर गोल, पण मध्ये जामसरचा सगळा बचाव भिंतीसारखा.

आणि काड्या काखेत गेल्या नाहीत. एवढा रंग चढल्यावर संबळवाला हात कसे थांबवणार? रावण संपला, आणि हाताने आपसूक देवी धरली.

देवीची चाल वाजली की काय करायचं हे आमच्याकडे कोणी शिकवत नाही. देवी येते, आपण वाट सोडतो. माळाच्या कडेला बसलेल्या बाया उठून उभ्या राहिल्या, लेकरांना दंडाला धरून उभं केलं. दोघे भाऊ बाजूला झाले. माझा हात कपाळापर्यंत गेलेला मला नंतर कळला. आणि जामसरचे लोकही बोहाड्याचेच. त्यांच्या बचावातले दोघे डावीकडे सरले, दोघे उजवीकडे. त्यांच्या गोलकीपरने हात जोडले. माळाच्या मधोमध, थेट गोलापर्यंत, स्वच्छ वाट पडली.

सगळ्या माळावर एकच माणूस असा होता की ज्याच्यासाठी त्या चालीचा अर्थ थांबणं नव्हता. गवंड्याने मान खाली घातली, मुखवट्याखाली घालतो तशी, आणि चालीवर पावलं टाकत तो त्या वाटेने निघाला. चेंडू पायाशी. घाई नाही. गोलापाशी पोचल्यावर त्याने तो असा आत सारला, जसा पूजेचा नारळ ठेवावा.

मग संबळवाल्याला भान आलं आणि संबळ थांबला. रेफ्रीने इकडेतिकडे पाहिलं आणि गोलची शिट्टी दिली.

जामसरचा कप्तान धावत आला. "सर, हा गोल कसा? देवी आली ना."

"कुठे?" रेफ्री म्हणाले.

"आता. इथनंच गेली."

"मला नाही दिसली. तुमचे खेळाडू स्वतःच बाजूला झाले."

"मग काय करणार? देवीच्या वाटेत उभं राहणार?"

आमचा गोलकीपर गिरणीवाला खालच्या गोलातून एवढा चढ चढून आला होता. तो अगदी भोळा चेहरा करून म्हणाला, "म्हणजे तुम्हाला अडवायची व्हती का तिला?"

कप्तान हळूच कानाला हात लावून मागे वळला.

पण आमचा निकाल रेफ्रीकडे नव्हताच. मामी काठी टेकत माळावर आली. सगळे गोळा झाले. गवंडी पांढराफटक. "काकी, मी मुद्दाम नाय केलं. पाय निघाला."

"गोल कोणी केला?"

"मी."

"त्या टायमाला तू तू व्हतास?"

गवंडी खरा माणूस. त्याने मान हलवली. नाही.

"मंग तो गोल देवीचा," मामी म्हणाली. "तुमचा नाय."

मी पुढे झालो. "मामी, देवीचा असला तरी पाय आपल्या माणसाचा ना."

"इतकी वरसं पाय तुमचेच व्हते, जावई. कुठं केलात?"

मी खांब काढलेल्या मंडपासारखा खाली बसलो. मामी मात्र तिथेच उभी. काठीच्या टोकाने ती जमिनीवर काहीतरी बघत होती. जिथे गवंड्याच्या पायाशी चेंडू आला तिथून वरच्या गोलापर्यंत ती चालत गेली आणि परत आली.

"पण देवी ज्या वाटेनं गेली तिथं मी नांगर घालणार नाय," ती म्हणाली. तिने काठीने माळाच्या मधोमध आडवी रेघ ओढली. "हे वरचं तुमचं. खालचं माझं. खाली नागली."

"मामी, अर्ध्या मैदानात खेळायचं कसं?"

"का? तुम्हीच त्या भोंग्यावर ओरडत व्हता ना, मैदान लहान करा, मैदान लहान करा. घ्या. केलं."

जामसरचे लोकसुद्धा हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

तर आता आमचं मैदान अर्धं आहे. खालचा गोल उचलून आम्ही रेघेवर आणून रोवला आणि त्यापलीकडे नागली. एवढ्याशा जागेत समोरच्याला श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही, त्यामुळे आमचं प्रेसिंग पंचक्रोशीत नावाजलेलं आहे. पाहुणे संघ आले की आधी मैदान बघून हसतात, मग सामना संपल्यावर हसत नाहीत. चेंडू उतारावरून नागलीत गेला तर मामीचा नियम आहे. जो आणायला जाईल त्याने येताना मूठभर तण उपटून आणायचं. आमच्या जीपवाल्याने या पावसाळ्यात एवढं तण काढलंय की मामी त्याला जावयापेक्षा जास्त मानते.

श्रावणात एकदा चार दिवस उघडीप होती. संध्याकाळी आम्ही आपापसातच खेळत होतो, ना संबळ, ना भोंगा. रेघेजवळ पास आळशी पडला, जीपवाला वळसा घेऊन गेला, दोघे भाऊ सरकले, कोणी कोणाला काही बोललं नाही, आणि गवंडी मागे सरला तशी त्याच्या पाठीमागे पडलेल्या भोकातून धाकट्या भावाने चेंडू सरळ गोलात घातला. तो गोलातून निघून नागलीत गेला. नुसता साधा गोल. आपल्या पायाने केलेला.

मी धावत मामीकडे गेलो. ती नागलीत वाकून तण काढत, बेणणी करत होती.

"मामी, झाला. आपल्या माणसाचा."

"पाहिला," ती मान वर न करता म्हणाली.

"मग?"

"मग काय? नागलीमागनं वरई, वरईमागनं खुरासणी. त्याच्यामागनं जमीन पुन्हा विसावेल. तवर असेच गोल करत ऱ्हावा." तिने चेंडू उचलून माझ्याकडे दिला, आणि वर एक मूठ तण. "आन हे घेऊन जा. तुम्ही पण आलातच की आत."